वामनकाकांचा नंबर

वामनकाका गावातल्या माणसांना नावानं ओळखत नसत, नंबरानं ओळखत. "एकशे अठरा जिन्यावरून पडला," असं ते बसथांब्यावर भेटल्या भेटल्या सांगत. "दोनशे चाळीसची धाकटी हल्ली तीनशे सातच्या थोरल्याबरोबर फिरते. फिरू दे बापडी. दोघांचे खापरपणजोबा एका गाईवरून कोर्टात गेले होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, गृहस्थ तुरुंगात नोकरीला असावेत. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं की ते बसचे नंबर सांगताहेत.

हे नंबर त्यांनीच दिलेले होते. गावच्या चर्चमध्ये तीनशे-साडेतीनशे वर्षांची जाडजूड पुस्तकं आहेत. कोण जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न लागलं, कोण कशानं गेलं, हे सगळं त्या त्या वेळच्या पाद्र्यानं हातानं लिहून ठेवलेलं. काकांनी रिटायर झाल्यावर ती सगळी पुस्तकं वाचून गावातल्या एकूण एक घराण्याची वंशावळ मांडायला घेतली. आडनावांप्रमाणे घराणी ओळीनं लावायची आणि प्रत्येक घराण्याला एक नंबर द्यायचा. आकरमान एक नंबर आणि त्सिमरमान सगळ्यात शेवटी. मग नंबर पाठ झाले आणि नावं मागे पडली.

गावाचं नाव मी सांगत नाही. बॉबलिंगेनहून निघालेली बस जिथे वळसा घालून परत फिरते ते गाव, एवढं पुरे. पुढे निम्म्या गावाचे पणजोबा उघडे पडणार आहेत, आणि मला अजून तिथल्या बेकरीत जायचं असतं.

त्या बेकरीतच काका मला भेटले. युरो येऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. निखिल बॉबलिंगेनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता. सकाळी सातला जायचा तो संध्याकाळी सातला यायचा. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. मधले बारा तास मी खिडकीतून समोरच्या घराच्या खिडक्या मोजायचे. अकरा होत्या. दोन महिन्यांत मी निखिलखेरीज कुणाशी मराठीतलं एक वाक्य बोलले नव्हते आणि माझं जर्मन "चार पाव द्या" इथे संपत होतं. तेच वाक्य मनात घोळवत मी रांगेत उभी होते. पुढचे हॅटवाले म्हातारे गृहस्थ वळले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "माहेरच्या कोण तुम्ही?"

नाव नाही, गाव नाही, एकदम माहेर. मला रडूच यायचं बाकी होतं. "बर्वे," मी म्हटलं.

"कुठले बर्वे?"

"पुण्याचे."

"पुण्याचं कुणी नसतं. पुण्यात सगळे आलेले असतात. त्याआधी कुठले?"

माझा नंबर येईपर्यंत त्यांनी मला आजोबांपर्यंत नेलं आणि पणजोबांपाशी मी अडकले. पणजोबांचं नाव मला माहीत नव्हतं. "शिक्षण काय झालंय?" त्यांनी विचारलं. बी.कॉम. म्हटल्यावर "हं" म्हणाले, जणू आता सगळा उलगडा झाला. मग त्यांनी काउंटरवरच्या बाईला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं आणि अख्खी रांग माझ्याकडे दयेनं बघायला लागली. नंतर कळलं, ते म्हणाले होते, "या मुलीला स्वतःचा पणजोबा माहीत नाही. तिला जरा ताजे पाव द्या."

सगळा गाव त्यांना 'हेर वामान', म्हणजे श्रीयुत वामान, म्हणायचा. जर्मन तोंडात ते नाव इतकं चपखल बसायचं की फोनवर लोक त्यांना इथल्याच मातीतले समजत. श्टुटगार्टच्या गणपतीत आपली मंडळी 'वामनकाका' म्हणायची. मीही तेच म्हणायला लागले. गणपतीत काकांच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. नवीन आलेली आयटीतली मुलं प्रसादाला हात पुढे करायची आणि काका त्यांना आजीचं माहेर विचारायचे. एकदा एकानं वैतागून "काका, गूगल करा ना" म्हटलं. काकांनी त्याला शांतपणे विचारलं, "गूगलची आजी कुठली?"

आता हा कोकणातला माणूस श्वाबियन, म्हणजे इकडच्या भागातल्या, पाद्र्यांचं अक्षर वाचतो कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. ते अक्षर तुम्ही पाहिलंय का? सगळ्या रेघा एका दिशेला कललेल्या, वाऱ्यानं झोपवलेल्या गवतासारख्या. खुद्द गावातल्या लोकांना स्वतःच्या आजोबांची पत्रं वाचता येत नाहीत. काका ती वर्तमानपत्रासारखी वाचत. कारण लहानपणी वडिलांनी त्यांना मोडी शिकवली होती. वडील शाळेत मास्तर. घराण्याचा इतिहास जमवायचा त्यांना नाद. दहा वर्षांच्या काकांना रुमालात बांधलेल्या जुन्या कागदांसमोर बसवून ते वाचून घेत. "अडलं की थांबायचं नाही, पुढे जायचं," असं वडील सांगत. "पुढची ओळ मागच्या अक्षराला हाक मारते." काकांनी ही युक्ती जशीच्या तशी जर्मनला लावली आणि एका हिवाळ्यात ते अक्षर काबीज केलं. "मोडीपुढे हे म्हणजे बालवर्ग," असं ते म्हणत. वडिलांविषयी ते एवढंच बोलत. अक्षर अडलं की त्यांची आठवण निघायची, आणि अक्षर सुटलं की तो विषय संपायचा.

गावाला त्यांचा उपयोग होता आणि भीतीही होती. अमेरिकेतून लोकांची पत्रं यायची. आमचे पूर्वज आपल्या गावचे, ते मोठे जमीनदार होते असं आम्ही ऐकतो, कृपया कळवावे. काका कळवत: आपले पूर्वज शेजाऱ्याचं बदक चोरल्याबद्दल रविवारी चर्चच्या दाराशी उभे केले गेले होते, त्यानंतर लवकरच त्यांनी अमेरिकेला प्रयाण केले असे दिसते. पत्राला उत्तर आलं नाही की काकांना नवल वाटायचं. "मी बदकसुद्धा गाळलं नाही," ते म्हणत, "आणि आभाराचं एक पत्र नाही."

'कुणाला गाळायचं नाही' हा त्यांचा एकमेव नियम. कामाचाही आणि, मला वाटतं, जगण्याचाही.

मला त्यांनी टायपिंगला बसवलं तेव्हा पहिल्या दिवशीच हा नियम सांगितला. त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यांत हजारो कार्डं होती आणि कॉम्प्युटरशी त्यांचं वैर होतं. "तुला वेळ आहे," ते म्हणाले. यातला 'तुला' मला आवडला आणि 'वेळ आहे' लागलं. पण खरंच होता. रोज दहा वाजता मी त्यांच्याकडे जायचे. त्यांची बायको लीझेलोट, गावातलीच, चार वर्षांपूर्वी वारली होती. घर तिनं ठेवलं तसंच होतं. खिडकीत तिची जिरेनियमची झाडं आणि स्वयंपाकघरात दोन एप्रन. मूलबाळ नव्हतं. काका कार्ड वाचायचे, मी टाइप करायचे, अकराला चहा. चहा ते घड्याळ लावून पाच मिनिटं उकळत आणि तेवढ्या वेळात एक अक्षर बोलत नसत.

कामाचा एक भाग मला सुरुवातीला सोसवत नसे. त्या काळी लेकरं फार जायची. एखाद्या घरात योहान जन्मायचा, चार दिवसांनी जायचा. पुढच्या मुलाचं नाव पुन्हा योहान. तोही गेला की तिसरा योहान. मी म्हटलं, "काका, जगला तोच लिहू या का? नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल."

काकांनी कार्ड खाली ठेवलं. "तो चार दिवस होता ना?"

"हो."

"मग लिही." आणि पहिल्या दोन योहानांची नावं त्यांनी एकेकदा मोठ्यानं वाचली. हे ते नेहमी करत. "बारसं झाल्यावर कुणी हाक मारली असेल नसेल," म्हणायचे. "एकदा तरी नाव घ्यायला हवं." त्या घरात बाहेरून कुणी कान देऊन ऐकलं असतं, तर दोन वेडे लोक रिकाम्या खोलीत हजेरी घेताहेत असंच वाटलं असतं.

या नियमापायी काकांची गावात एकाशी जुंपली होती. ते म्हणजे हेर वेबर, नंबर चारशे बारा. सुतारकामातले उस्ताद, गावच्या इतिहासमंडळाचे अध्यक्ष, आणि पुस्तक छापणार होतं ते हेच मंडळ. वेबरांचाही एक नियम होता: "जो चर्चच्या पुस्तकात, तोच आमच्या पुस्तकात. नियम म्हणजे नियम." त्यांच्या घराण्याच्या मुळाशी एक आन्ना मारिया नावाची मोलकरीण निघाली. लग्न न झालेली, पदरात मूल, आणि बापाच्या जागी पाद्र्यानं लिहिलेलं, 'नाव सांगत नाही'. वेबर म्हणाले, ही घरची गोष्ट आहे, हिला सोडून द्या, तिच्या मुलापासून सुरू करा.

"आल्झो, तर मग, हेर वेबर," काका म्हणाले, "ती चर्चच्या पुस्तकात आहे. नियम तुमचाच. आणि तिला गाळलं तर तुम्हीच उरत नाही. चारशे बारा रिकामा."

तीन आठवडे दोघं एकमेकांना बघून रस्ता ओलांडत होते. चौथ्या आठवड्यात वेबरांच्या दारावर, घंटीच्या शेजारी, ओकच्या लाकडाची कोरीव पाटी लागली: ४१२. घराचा नंबर नऊ. नवा पोस्टमन महिनाभर पाकिटं घेऊन गोल गोल फिरत होता. काका मुद्दाम मला घेऊन पाटी बघायला गेले. बराच वेळ पाहून म्हणाले, "चारचा पाय जरा तिरका आलाय." पण घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

असं करत करत दोन वर्षांत आम्ही डब्ल्यूपर्यंत पोचलो. एक दिवस मी चारशे अकरा, वाल्त्स, टाइप करून संपवलं आणि पुढचं कार्ड मागितलं. काकांनी चारशे बारा दिलं, वेबर. माझा हात थांबला. "काका, मध्ये वामन यायला हवं ना? तुम्ही?"

"मी कुठे आहे चर्चच्या पुस्तकात?"

"काकू आहेत की."

"ती आहे. चौऱ्याण्णव नंबर, तिच्या वडिलांच्या घराण्यात. काढ."

मी काढलं. ते मीच कधीतरी टाइप केलं होतं आणि लक्षात आलं नव्हतं. लीझेलोट, तिसरी मुलगी, जन्म, बाप्तिस्मा, दफन. लग्नाच्या जागी काकांनी सांगितलेले दोन शब्द: 'लग्न बाहेर'. चर्चमध्ये न लागलेल्या सगळ्या लग्नांना ते तसंच लिहीत. काकांचं लग्न श्टान्डेसआम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत लागलं होतं. हे 'बाहेर' म्हणजे तिच्या माहेरापासून चार घरं सोडून. तिथे दोघं पस्तीस वर्षं राहिली.

"नियम आहे," काका म्हणाले. "वेबरला त्याच्या खापरपणजीपायी नियम दाखवणारा मी. आता मलाच तो कसा मोडता येईल? गेनाऊ, अगदी बरोबर. चल, आन्ना मारिया घे."

मी आन्ना मारिया घेतली, पण माझं लक्ष नव्हतं. चार दिवसांनी जाणाऱ्या योहानला नंबर, बदकचोराला नंबर, आणि ज्यानं हे सगळे नंबर दिले तो माणूस कुठेच नाही. मला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी वरच्या फळीवरची फाइल काढायला गेले आणि हाताला लाल कापडी बांधणीचं पुस्तक लागलं. मराठी अक्षरं. 'तेरवणकर कुलवृत्तांत'. आपल्याकडे घराणी असे कुलवृत्तांत छापतात, माहीत असेल तुम्हाला. कोण कुणाचा, कुठे राहतो, मुलं किती. मी हावरटासारखं उघडलं. एका पानात तपकिरी कागदाचा तुकडा खुणेला घातला होता. त्या पानावर वाचलं, 'वामन गोविंद. शिक्षक. वास्तव्य तेरवण. पुत्र २: पुरुषोत्तम, जनार्दन.'

"अय्या, काका, तुम्ही सापडलात! पण हे शिक्षक काय म्हणून लिहिलंय? आणि मुलं?"

"ते वडील," काका म्हणाले. "मी श्रीधर."

दोन वर्षं मी या माणसाला त्यांच्या वडिलांच्या नावानं हाक मारत होते.

त्याची गंमत त्यांनी मोठ्या रंगात सांगितली. साठच्या दशकात ते ड्राफ्ट्समन म्हणून इथे आले तेव्हा सगळ्या कागदांवर त्यांचं नाव शाळेच्या दाखल्यासारखं होतं, आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं: तेरवणकर श्रीधर वामन. परदेशी लोकांच्या कचेरीतल्या बाईनं नियमाप्रमाणे शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात टाकला. बाहेर पडले ते हेर वामान होऊन. पहिल्या दिवशी कारखान्यात फोरमननं "वामान!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा त्यांनी दचकून मागे पाहिलं, वडील आले की काय.

"मग दुरुस्त नाही केलंत? एक फॉर्म भरायचा असेल."

"लीझेल पण म्हणायची. लग्नाच्या वेळी तिनं फॉर्म आणूनसुद्धा ठेवला होता." काकांनी चहाचं घड्याळ उगाचच फिरवलं. "लग्नाचं मी घरी कळवलं आणि वडिलांची पत्रं बंद झाली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसती बंद. मी दर दिवाळीला लिहायचो. बऱ्याच वर्षांनी एकदम हे पुस्तक आलं. त्यांनी आयुष्यभर जमवलं ते हेच. मी आधी चिठ्ठी शोधली, पान न् पान झटकलं. नव्हती. मग आपलं पान काढलं. पुत्र दोन."

मी पानातला तपकिरी तुकडा हातात घेतला.

"पार्सलचा वरचा कागद लीझेलनं कचऱ्यात टाकला होता. मी तो काढला." त्यांनी माझ्या हातातला तपकिरी तुकडा घेऊन टेबलावर सरळ केला. निळ्या शाईतलं टपोरं, मास्तरांचं रोमन अक्षर. हेर एस. वामन, खाली या घराचा पत्ता. "आत माझं नाव नव्हतं. पण पार्सल पोचायचं, तर बाहेर त्यांना स्वतःचंच नाव लिहायला लागलं. आल्झो, मी इथे कोण म्हणून राहतो हे त्यांना माहीत होतं. आता मी नाव बदललं असतं, तर पुढचं पत्र परत गेलं असतं. इथले पोस्टमन फार काटेकोर."

"आलं का पुढचं?"

"नाही. दोन वर्षांनी ते गेले. जनार्दनची तार आली. तीही वामन नावानंच." त्यांनी तुकडा पुन्हा त्या पानात घातला. "लोक दिवसभर त्यांचं नाव घेतात इथे. बेकरीत, दवाखान्यात. मला बरं वाटतं."

त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. थोडं काकांसाठी आणि थोडं त्या अकरा खिडक्यांसाठी. मग तोंड धुतलं आणि वेबरांच्या सुतारशाळेत गेले.

माझं जर्मन तोवर सुधारलं होतं, पण ते सगळं पाद्र्यांच्या पुस्तकातून आलेलं. बाप्तिस्मा, दफन, मूठमाती आणि घटसर्प यांवर मी अस्खलित बोलू शकत होते. भांडायला ते पुरेना. तरी मी भांडले. वेबर रंधा मारत होते. ते म्हणाले, "हेर वामान चर्चच्या पुस्तकात नाहीत. नियम म्हणजे नियम."

मी म्हटलं, "आन्ना मारियाच्या मुलाच्या बापाचं नाव पुस्तकात नाही. तरी तो होताच ना? नाहीतर तुम्ही कुठून आलात?"

रंधा थांबला. आता हा माणूस मला हाकलणार असं वाटलं. भुसा झटकत त्यांनी विचारलं, "त्यांनी पाठवलंय तुम्हाला?"

"नाही. त्यांना कळलं तर ते मलाच गाळतील."

वेबरांनी पुन्हा रंधा उचलला. लाकडाची एक लांबलचक साल सुटून खाली पडली. "वाल्त्स चारशे अकरा," मग ते स्वतःशीच म्हणाले. "वामान त्याच्यानंतर. म्हणजे ते चारशे बारा." मान वर करून त्यांनी दाराबाहेर पाहिलं. तिथून त्यांच्या घराची पाटी दिसत होती. "तर मग मी चारशे तेरा."

"हो."

"पाटी कोरायला दोन दिवस लागतात," वेबर म्हणाले, आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

काकांनी शेवटचं प्रूफ तपासून सही केल्यावर मी चोरासारखी फाइल उघडली. एक घराणं मध्ये घातलं, पुढची सगळी एकेकानं सरकवली आणि जिथे जिथे त्यांचा उल्लेख होता तिथेही नंबर बदलले. चार दिवस लागले. काकांच्या घराण्याची माहिती मी त्या लाल पुस्तकातून जशीच्या तशी उतरवली आणि वेबरांनी ती छापायला पाठवली.

प्रकाशन रविवारी, प्रार्थनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये झालं. कॉफी, आलुबुखारचा केक आणि टेबलावर पुस्तकांच्या थप्प्या. काका सूट घालून आले होते. आल्या आल्या त्यांनी तीनशे सातला त्याच्या बायकोची तब्येत विचारली. पाद्रीबाईंनी चार शब्द बोलून त्यांचे आभार मानले, टाळ्या झाल्या आणि वेबर हातात एक प्रत उघडून त्यांच्यासमोर उभे राहिले. चेहरा लाकडाचा. "हेर वामान, माझ्या घराण्यात काहीतरी चुकलंय."

काकांनी चष्मा लावला. "चारशे तेरा?" आणि मग भर हॉलमध्ये, मराठीत, "अनघा! वेबर चारशे तेरा कसा झाला? एक नंबर जास्त पडलाय! कुठलंतरी घराणं दोनदा मोजलंस तू!"

सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला. काका तणतणत चूक शोधायला मागच्या पानांकडे वळले. एकच पान उलटायचं होतं.

मी जे लिहिलं होतं त्याचा मराठीत अर्थ असा: 'चारशे बारा. वामन. श्रीधर, ड्राफ्ट्समन, जन्म तेरवण, भारत. लग्न याच गावात, लीझेलोट, घराणं चौऱ्याण्णव. मुलं नाहीत. श्रीधरचे वडील: वामन गोविंद, शिक्षक, पुत्र दोन.'

काका बोट ठेवून वाचत होते. ओठ हलत होते. लेकरांची नावं घेताना काढत तसा आवाज निघाला, पण फार बारीक. लीझेलचं नाव मला ऐकू आलं. वडिलांचं आलं. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं आणि त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. दोन वर्षं मी त्या पेन्सिलीला भ्याले होते. आता हे सगळंच खोडणार. वेबरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पुस्तक धरायला हात पुढे केला.

काकांनी फक्त दोनचा आकडा खोडला आणि वर तीन लिहिला.

"हे कुठून उतरवलंस?" त्यांनी विचारलं.

"कुलवृत्तांतातून," मी म्हटलं, आणि मग मी काय करून बसले होते ते माझ्या लक्षात आलं.

"मूळ पुस्तकात चूक आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, डोळे नव्हते. "उतरवून घेताना मोजायचं असतं, पोरी. मी, पुरुषोत्तम, जनार्दन. तीन."

मग ते खुर्ची ओढून टेबलाशी बसले आणि थप्पीतली वरची प्रत घेतली. चारशे बारा उघडायचं, दोन खोडायचा, तीन लिहायचा. दुसरी प्रत, तिसरी प्रत. लोकांना काय चाललंय ते कळलं नाही, पण ही जर्मन माणसं आहेत. कुणी टेबलाशी बसलंय म्हटल्यावर त्यांनी रांग लावली. वेबर शेजारी उभे राहून पानं उघडून देत होते. प्रत्येकाला त्याचं पुस्तक दुरुस्त करूनच मिळालं. बेकरीतली बाई माझ्या पुढे होती. तिनं विचारलं, "काय चुकलं होतं?" काका मान वर न करता म्हणाले, "माझ्या वडिलांना मुलगे तीन होते." ती म्हणाली, "असं होय," आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

शेवटची प्रत संपल्यावर वेबरांनी कोटाच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. ओकची जुनी पाटी, उन्हापावसानं करडी पडलेली, स्क्रूची भोकं काळी झालेली. "मला आता हिचा उपयोग नाही," ते म्हणाले. काकांनी चारच्या पायावरून अंगठा फिरवला. तिरका तर तो होताच, पण या वेळी ते काही बोलले नाहीत.

आज त्या गावात ज्याच्या ज्याच्या घरी ते पुस्तक आहे, त्याच्या प्रतीत चारशे बाराव्या घराण्यात छापलेला दोन खोडून लाल पेन्सिलीनं तीन केलेला आहे. माझ्याही.